तिसरा फोल्डर

"दादा, हे माझं गाणं नव्हे," मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या. "चार दाबा, चार."

"चारच दाबलंय, बाई."

पण स्पीकरमधून कान फाटतील असा ठोका चालला होता. खिडकीशी बसलेली बँकेतली मुलगी ओशाळली. "माझं आहे ते. बंद केलंत तरी चालेल." ती व्हॅनमध्ये नवीच होती.

दादा हॉस्पिटलची व्हॅन चालवत. डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं, परत सोडायचं. सकाळी जाताना मंडळी एकमेकांची भरपूर टिंगल करत, पण परतताना कुणाच्या अंगात त्राण नसे. म्हणून दादांनी परतीच्या वाटेवर गाणी लावायला सुरुवात केली. व्हॅनचा प्लेअर जुनाट. त्याला सीडीच लागे आणि त्याच्यावर फोल्डरचा नुसता नंबर दिसे. लेकीने दादांना आपला जुना कॉम्प्युटर दिला, सीडी राइट करायला शिकवलं. दादांनी ज्याला त्याला आवड विचारून फोल्डर केले. पहिला भाजीवाल्या मावशींचा, दुसरा पोस्टमनकाकांचा, तिसरा शिंपीमामांचा, चौथा बाईंचा. रोज एकाची पाळी.

मामांच्या फोल्डरमध्ये फक्त क्लॅरिनेट होती. तरुणपणी ते बँडमध्ये वाजवायचे. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईंना ती मुळीच खपत नसे.

"शब्द नाहीत, काही नाही. नुसतं रडगाणं!"

"जन्मभर तुम्हीच बोललात, बाई," मामा म्हणत. "आता थोडं ऐका की."

गेल्या आठवड्यात दादांनी मामांच्या दारात हॉर्न दिला, तर सून एकटीच बाहेर आली आणि तिने नुसती मान हलवली. मामा पहाटेच गेले होते.

त्यांच्या जागी बँकेतली मुलगी आली. तिची गाणी घालायची तर सीडीवर जागा पुरेना. "मामांचं काढा ना, बाबा," लेक म्हणाली. "आता कोण ऐकणार ते?" दादांनी काढलं. तिसरा गेला की चौथा त्याच्या जागी सरकतो आणि मुलीचा चौथा होतो, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता आलं. "शिंपीमामांचं काढलं ना, म्हणून तुमचं तीनवर गेलं, बाई," ते म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

मुलीने हातावरच्या पट्टीचं टोक उगाच दाबून बसवलं.

"म्हणजे आता तीन मी," बाई म्हणाल्या. "आणि मी गेले की ही पोर तीन."

"बाई, तसं नाही हो..."

"मग कसं? माणसाची राख थंड होते न होते तोच त्याला पुसून टाकायचं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दादांना बरं वाटलं असतं.

"जाऊ द्या, बाई," मावशी म्हणाल्या. "त्यांनी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाही केलं, सहज केलं. तेच सांगतेय मी."

घरी गेल्या गेल्या दादा कॉम्प्युटरपुढे बसले. लेक मागे येऊन उभी राहिली. "बाबा, जागा कुठून आणणार?"

सीडीवर अगदी शेवटी दादांच्या स्वतःच्या गाण्यांचा एक फोल्डर होता. रिकामी व्हॅन परत नेताना ते ती ऐकत. त्यांनी तो काढला, मामांचा फोल्डर तिसरा घातला आणि नवी सीडी राइट केली. चहा करून लेकीने कप त्यांच्या हाताशी ठेवला.

पुढच्या फेरीला, परत निघताना, मुलीने दबकत विचारलं, "आज कुणाची पाळी?"

"मामांची," बाई म्हणाल्या.

दादांनी तीन दाबलं. क्लॅरिनेट सुरू झाली. मावशी उतरल्या, पोस्टमनकाका उतरले, मुलगीही हात हलवून गेली. बाईंचं घर शेवटचं. व्हॅन फाटकाशी थांबली तेव्हा एक धून अर्ध्यावर होती. दादांनी इंजिन बंद केलं, प्लेअर चालू ठेवला आणि खाली उतरून मागचं दार उघडलं.

बाई उठल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन, डोळे मिटून बसून राहिल्या.

"संपू दे," त्या म्हणाल्या.

दादा दार धरून उभे राहिले.