झटपट वाळणाऱ्या चड्ड्या

माणूस रिटायर झाला की त्याला एकदम डोंगर दिसायला लागतात. आमच्या ह्यांना ते आधीपासूनच दिसत होते, पण मध्ये नोकरी, मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण असं बरंच काही उभं होतं. "मी सुटलो ना, की आपण दोघं जाऊ. पाठीवर पिशव्या टाकायच्या आणि चालत सुटायचं," हे वाक्य मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आले. ऐकलं आणि धरून बसले. बायका असं काहीतरी धरून बसतात, मग लोक म्हणतात, हिचा स्वभावच चिकट.

यंदा हे सुटले. ऑफिसातले आणखी तिघं मित्रही आगेमागे सुटले होते. त्यांतले दाढीवाले पुढारी. डोंगर ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत आठ दिवस चालायचं, तंबूत राहायचं, असा बेत त्यांनी आखला. आम्ही दोघं गिर्यारोहकांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरीने ह्यांच्यापुढे एक चड्डी ताणून धरली.

"काका, ही धुवायची, पिळायची, दोरीवर टाकायची. बघता बघता वाळते. घाम धरत नाही, मांड्या सोलत नाहीत. दोन पुरतात. एक अंगात, एक दोरीवर."

"ऐकलंस?" हे माझ्याकडे वळले. "आणि तू मला दोन दिवसांच्या लग्नाला सहा भरून देतेस!"

हे बूट घालून बघायला गेले तेव्हा मी पोरीला हळूच विचारलं, "बायकांच्यातही येते का?" तिने जांभळी काढून दिली, कमरेला राखाडी पट्टी असलेली. वर बजावलं, "धुताना सॉफ्टनर घालू नका हं काकू, मग ही पाणी धरून ठेवते." ह्यांनी परत आल्यावर टोपलीतली जांभळी पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. हे दुकानात गप्प बसणारे गृहस्थ नव्हेत.

मी तयारीला लागले. दुपारी पिशवीत साबणाच्या पावडरची पाकिटं भरायची, ती पाठीला लावायची आणि फाटकापासून गच्चीपर्यंत जिने चढायचे. शेजारीण म्हणाली, "लिफ्ट बंद आहे का हो?" मी म्हटलं, "लिफ्ट चालू आहे, माझं डोकं बिघडलंय." पहिले काही दिवस जीव घशाशी यायचा. मग पाय ऐकायला लागले. खाली आले की जांभळी धुऊन गॅलरीत टाकायची. माझं मुलीशी फोनवर बोलून होईपर्यंत ती खडखडीत वाळलेली असायची. आता आमच्या गप्पा लांबतात हे खरं, पण तरी. मला त्या चड्डीचं फार कौतुक वाटायचं. एवढंसं कापड, पण त्याच्या जोरावर घर आठ दिवस मागे टाकता येत होतं.

निघायला थोडे दिवस उरले तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्राच्या आडून सांगितलं, "अगं, ते ठरलं. फक्त आम्ही चौघं पुरुष. बायका नकोत, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं."

"सगळ्यांचं?"

"दाढीवाल्याचं जरा जास्तच. तिकडे बायकांची सोय नसते गं. पुढच्या वेळी बघू."

मी भांडले नाही. रडू मात्र आलं. ते मी बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं. समोर बादलीत ह्यांच्या दोन नव्या चड्ड्या भिजत होत्या, आणि हाताशी सॉफ्टनरची बाटली होती. झाकण उघडलं, वास घेतला. एक टोपणभर ओतलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून साहेब फेंगडे चालले असते. पण हात वळेना. इतकी वर्षं ज्या अंगाला काही टोचू नये म्हणून बघितलं, त्याचा राग काढायचा तरी कसा? झाकण लावलं, चड्ड्या नीट खळबळून वाळत टाकल्या आणि ह्यांची पिशवी भरून दिली.

तीन-चार दिवसांनी फोनवर फोटो आला. डोंगर, धुकं, दोन तंबू, मध्ये कमरेवर हात ठेवून हे. खाली लिहिलं होतं, "तुझी आठवण येते." मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण तो खरंच साजरा होता. मग बघता बघता माझी नजर मागच्या दोरीवर गेली.

फोटोतली माणसं ह्यांनी शिताफीने कापली होती, पण दोरी तशीच राहिली होती. ज्या माणसाने उभ्या जन्मात दोरीवर एक रुमाल टाकला नाही, त्याला दोरी दिसणार कुठून? मी फोटो मोठा केला. पुरुषांच्या चड्ड्या होत्याच. त्यांच्या शेजारी एक जांभळी होती, कमरेला राखाडी पट्टी. मी उठून कपाट उघडून पाहिलं. माझी माझ्या जागेवर होती.

पहिल्यांदा तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही मनात आलं. तसं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडायला एक सटवी तरी मिळाली असती. पण जांभळीच्या पुढे एक गुलाबी होती, त्यापुढे एक काळी. तिन्ही वेगवेगळ्या मापांच्या. जांभळी तर एवढी ऐसपैस की ती दाढीवाल्यांच्या बायकोचीच. आम्ही तिला दाढीवहिनी म्हणतो, अर्थात तोंडावर नव्हे. म्हणजे सगळ्यांनी आपापल्या बायका नेल्या होत्या. बायकांची सोय होती. फक्त माझी नव्हती.

हे परत आले ते रापलेले, हलके झालेले, शीळ घालत. पिशवी पॅसेजमध्ये टाकली आणि आंघोळीला गेले. मी मनात वाक्यं जुळवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. दाढीवहिनी होत्या.

"अहो, कसा आहे आता गुडघा? आम्ही सगळ्याजणी रोज तुमचीच आठवण काढत होतो. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हटलंय ना? भावजी सांगत होते, तिला सोडून यायचं जिवावर आलं, पण तीच म्हणाली, तुम्ही जा. किती मोठं मन हो तुमचं!"

हे खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभे होते. फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता. एवढा रापलेला चेहरा, पण बघता बघता उतरला.

एका वाक्यात मी सगळं उघडं पाडू शकले असते. "कसला गुडघा?" एवढं पुरलं असतं. पण मग त्या तिघींना काय कळलं असतं? की हिचा नवरा हिला टाळून हिंडतो. आपलेच दात, आपलेच ओठ. नवऱ्याला नकोशी झालेली बाई म्हणून मिरवण्यापेक्षा गुडघेदुखीची बाई बरी.

"हो ना," मी म्हटलं. "फार ठणकतो."

फोन ठेवल्यावर मी ह्यांना एवढंच विचारलं, "का?"

हे बराच वेळ टॉवेलाचं टोक पिळत राहिले. "तू असलीस ना, की सारखं वाटतं, माझं काहीतरी चुकतंय. तू बघत असतेस. आठ दिवस जरा मोकळं राहावंसं वाटलं गं." आणि मग, कहर म्हणजे, "पण तू वहिनींशी छान बोललीस."

ह्यांच्या पिशवीतल्या दोन चड्ड्या मी धुतल्या. का धुतल्या ते मला विचारू नका.

त्या रविवारी दाढीवाल्यांकडे सगळ्यांना फोटो बघायला बोलावलं होतं. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. मी जांभळी घातली होती. ती घालून जायला दुसरी जागाच उरली नव्हती. वर दारात सगळी मंडळी जमून खाली बघत होती. मी कठडा धरला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लंगडत चढायला लागले. ह्यांनी माझं कोपर धरलं.

"बघा, भावजी किती जपतात!" वरून वहिनी म्हणाल्या.

पहिल्या वळणावर हे माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, आता तरी माफी मागतील.

"अगं," हे कुजबुजले, "मी त्यांना डावा सांगितलाय."

मी पाय बदलला.