गैरहजर किल्ली

दोन्ही किल्ल्या एकाच कडीत अडकवून फिरणारी माणसं मी रोज बघते. मोटारसायकल घेताना दोन मिळतात, एक वापरायची, एक घरी ठेवायची. एवढं साधं असतं, पण नाही. कडी हरवली की दोन्ही जातात आणि मग सर्व्हिस सेंटरमधल्या माझ्या काउंटरवर येऊन म्हणतात, "ताई, असं कसं झालं हो?" एका सद्गृहस्थांनी तर जादाची किल्ली सीटखालच्या कप्प्यात जपून ठेवली होती. तो कप्पा किल्लीशिवाय उघडत नाही, असं मी सांगितल्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही कप्पा मीच बंद केला होता.

ह्या गाड्यांना बिनकिल्लीच्या म्हणतात, आणि किल्ली तर लागतेच. फक्त ती कुठे घालायची नसते. प्लास्टिकची चपटी वडी असते, आत बटणाएवढा सेल. ती खिशात घेऊन गाडीजवळ गेलं की गाडी ओळखते, पुढचे दोन दिवे एकदा लुकलुकतात, बटण दाबलं की सुरू. सेल संपत आला की समोरच्या तबकडीवर बारीक लाल दिवा लागतो आणि लोक त्याच्याकडे मस्त कानाडोळा करतात. मग एके दिवशी गाडी ढिम्म, आणि मला फोन. मी फोनवरच सांगते, सेल मेला तरी किल्ली मेलेली नसते. सीटच्या उजव्या अंगाला एक गोल खूण आहे, किल्ली तिला टेकवून धरा आणि बटण दाबा. अकरा वर्षांत हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की झोपेतही बडबडत असेन.

माझ्या धाकट्या भावाला तेवढं सांगायचं राहिलं.

बाबांना त्रास सुरू झाला तेव्हा मी कामावर होते, घरी आई एकटी. तिनं भावाला फोन लावला. तो बाजारात, दहा मिनिटांच्या अंतरावर. गाडीपाशी आला तर गाडी त्याला ओळखेना. पंधरा मिनिटं बटणं दाबत बसला आणि मग गाडी तिथेच टाकून धावत घरी आला. मला फोन करावा हे त्याला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण मी ओरडेन म्हणून केला नसेल.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्याला म्हटलं, "तीनदा सांगितलं होतं सेल बदल म्हणून. एक सेल बदलता आला नाही तुला. गेले बाबा." माझी जीभ पहिल्यापासून तिखट, घरचे मनावर घेत नाहीत. ह्या वेळी त्यानं घेतलं. डॉक्टर नंतर मला म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता. ते मी आईला सांगितलं. भावाला सांगायचं होतं, पण आधी माझा राग उतरायचा होता, मग तो समोर येईना, आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी बॅग घेऊन निघून गेला. गाडी जिन्याखाली ठेवून गेला. किल्ली मात्र त्याच्या खिशात गेली.

त्याला आता एकोणीस महिने झाले. फोन नंबर बदललाय. त्याच्या एका मित्राकडून एवढंच कळलं, की बरा आहे, कामाला लागलाय, पत्ता सांगू नको म्हणालाय. तुला काय वाटतं गं, असं मावशी मला दर फोनवर विचारते. काही वाटत नाही. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. गाल जागेवर आहे, पण आपला वाटत नाही. मी जेवते, कामावर जाते, लोकांचे सेल बदलते, घरी येते.

आईचं वेगळंच. जादाची किल्ली तिच्याकडे. रोज संध्याकाळी ती तीन जिने उतरून खाली जाते, गाडी दहा मिनिटं चालू ठेवते, फडक्यानं पुसते आणि वर येते. तिला साधी सायकलही चालवता येत नाही. गाडी बंद राहिली तर तिची बॅटरी बसते, हे तिनं माझ्याकडूनच ऐकलेलं. किल्लीचा सेल मला दर चार महिन्यांनी आणायला लावते. मी म्हणते, अगं आई, दीड वर्ष चालतो तो. ती म्हणते, तू आण.

एवढं जपून शेवटी किल्ली तिच्याच गाऊनच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली. मी उघडून बघितली. आतली पट्टी हिरवी पडली होती. सेल बदलून, पुसून, वाळवून, खुणेला टेकवून सगळं झालं. शेवटी मी हात टेकले.

"नवी किल्ली लागेल," मी म्हटलं.

"मग आण. पण त्याची पुसायची नाही."

तिला हे माहीत होतं ह्याचं मला नवल वाटलं. आमच्या धंद्यात त्याला हजेरी म्हणतात. नवी किल्ली नोंदवायची तर गाडीची यादी पहिल्यापासून करावी लागते, आणि त्या वेळी जेवढ्या किल्ल्या गाडीजवळ असतील तेवढ्याच यादीत राहतात. गैरहजर असेल ती पुसली जाते. हरवलेल्या किल्लीनं चोरानं गाडी नेऊ नये म्हणून ही सोय. जेवताना मी हे कधीतरी बोलले असेन. मी घरी दुसरं बोलते तरी काय.

"आई, तसं होत नाही. त्याची किल्ली इथे नाही, म्हणजे ती जाणारच."

"तू अकरा वर्षं तिथे आहेस. कर काहीतरी."

"माझ्या हातात असतं तर केलं असतं ना."

"त्याची पुसलीस तर मला गाडी नको," आई म्हणाली आणि भांडी घासायला गेली. तिचा आवाज चढला नव्हता. नळ मात्र पूर्ण सोडला होता.

आठ दिवस गाडी बंद. आई रोज संध्याकाळी खाली जायची, नुसती पुसायची आणि वर येऊन म्हणायची, "आज पाचवा दिवस," "आज सहावा दिवस." मला ते ऐकवेना. मी ठरवलं, नवी किल्ली नोंदवायची आणि तिला सांगायचं की जुनी तशीच आहे. कळायला मार्ग नव्हता. जी किल्ली एकोणीस महिने गाडीजवळ आली नाही, ती यादीत असली काय आणि नसली काय. शनिवारी साहेबांना विचारून मी किल्ल्या नोंदवायचा स्कॅनर घरी आणला आणि रविवारी सकाळी जिन्याखाली बसले.

त्याची वायर गाडीला जोडली. पडद्यावर आलं: नोंदलेल्या किल्ल्या दोन, हजर एक. ती एक म्हणजे माझ्या हातातली नवी. गैरहजर किल्ल्या पुसायच्या का? हा प्रश्न मी दिवसातून चार वेळा बघते आणि "हो" दाबते. मी "हो" दाबलं. माझ्या अंगठ्याला काही फरक कळला नाही.

काम झालं की स्कॅनर एक अहवाल दाखवतो. तो कोणी वाचत नाही. मी तरी गाडीचा नंबर बरोबर आहे ना, एवढंच बघून खाली सही करते. त्या दिवशी सही करायला कोणी नव्हतं, घाई नव्हती, म्हणून नजर खालपर्यंत गेली. किल्ली दोन, पुसली. शेवटची ओळख अकरा दिवसांपूर्वी, संध्याकाळी सहा. ती आईची, धुतली जायच्या आदल्या दिवशीची. किल्ली एक, पुसली. शेवटची ओळख गुरुवार, दुपारी तीन चाळीस.

गुरुवार म्हणजे तीन दिवसांपूर्वीचा.

मी परत वाचलं. किल्ली दोन हातांच्या आत आल्याशिवाय गाडी ओळख नोंदवत नाही. चुकून रस्त्यावरून जाताना वगैरे नाही. तो जिन्याखाली आला होता, मी बसले होते त्याच फरशीवर उभा राहिला होता. पहिल्यांदा मला राग आला. तीन जिने चढवले नाहीत ह्याला. मग मी अजून हातात स्कॅनर धरून बसले आहे हे लक्षात आलं. त्याची किल्ली मी आत्ताच पुसली होती.

वर गेले तर आई मटार सोलत होती.

"झाली?" तिनं विचारलं.

"झाली."

"त्याची पुसली नाहीस ना?"

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "आई, गुरुवारी दुपारी खाली कोण आलं होतं?"

तिचे हात थांबले नाहीत. "यंत्रात दिसतं होय ते? येतो तो. महिन्यातून एखादा गुरुवार. त्या दिवशी सुट्टी असेल त्याला, आणि तू कामावर असतेस. मी झोपले असेन असं त्याला वाटतं. गॅलरीतून येताना दिसतो मला, मग मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघते. गाडीजवळ येतो, दिवे लुकलुकतात, मग सीटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो आणि जातो."

"आणि तू हाक नाही मारलीस?"

"एकदा मारली. तर पुढे तीन महिने आला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खाली गेली असतीस," आई म्हणाली. "आणि काहीतरी बोलली असतीस."

मला ते लागलं. एकोणीस महिन्यांत पहिल्यांदा काही लागलं. मी तिच्यासमोर बसले आणि मटार सोलायला लागले. आई नव्या किल्लीकडे बघत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "मला धास्ती होती. गाडीनं ओळखलं नाही तर तो कशाला येईल परत?"

पुसलेली किल्ली पुन्हा नोंदवता येते, पण हजर लागते, आणि ती त्याच्या खिशात आहे. पुढच्या खेपेला तो येईल आणि गाडी गप्प राहील. सेल संपला असं त्याला वाटणार नाही, सेलच्या बाबतीत तो आता चुकत नसणार. तो म्हणेल, ताईनं पुसलं. ह्या घरात किल्ल्या पुसणारं दुसरं आहे कोण?

रात्रभर मी धंद्यातल्या सगळ्या युक्त्या आठवून बघितल्या. नवी किल्ली गाडीतच लपवून ठेवली तर गाडी कायम जागी राहते, दोन-तीन दिवसांत बॅटरी बसते. शिवाय दिवे लुकलुकतात ते किल्ली लांबून जवळ आली तरच. म्हणजे तो गाडीपाशी येईल त्याच वेळी ती किल्ली खिशात घेऊन कोणीतरी तिथे यायला पाहिजे, दोन हातांच्या आत. गाडीपासून दोन हात म्हणजे त्याच्यापासूनही तेवढंच. आणि तिथे उभं राहून तोंडातून एकही वाकडा शब्द काढायचा नाही.

सोमवारी मी साहेबांकडे अर्ज दिला. आठवड्याची सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी हवी आहे.

"किती आठवड्यांसाठी?" त्यांनी विचारलं. "तारीख टाकलेली नाहीये तुम्ही."

"ते माझ्या हातात नाही, साहेब," मी म्हटलं.