उतारावरची जागा

आमचं थॉर्नगॅप बघायला येणारा प्रत्येक जण गाडीतून उतरला की हेच म्हणतो, "किती गोड गाव आहे हो!" गोड काय डोंबल! कड्याच्या खाचेतून समुद्रापर्यंत गेलेला एक उतार, त्यावर गंजके ट्रॅक्टर, आणि माझ्या परसातून येणारा खेकडे उकडल्याचा वास. तेच खेकडे सोलून, त्यांच्याच कवचात भरून मी दर गुरुवारी वेल्डमच्या बाजारात विकते. तिथेही हीच मंडळी. खेकड्याचा फोटो काढतात, नाकाला रुमाल लावतात आणि शेजारच्या दुकानातून जॅम घेऊन जातात.

उतारावर समुद्रात जाणारी होडी आता एकच उरलीय, माझ्या भावाची, क्लेमची. बाकीच्या व्हायटलीने घेतल्या. गावातली निम्मी घरं त्याचीच, पाहुण्यांना भाड्याने देतो. होड्यांत माती भरून त्याने जेरेनियमची फुलझाडं लावलीत. ज्या होडीवर आमच्या बापाने आम्हाला वाढवलं, तिच्यात आता जेरेनियम! बघवत नाही माझ्याने.

आमच्याकडे रीत अशी, की हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्या होडीला पाणी लागलं आणि जिचा निदान एक खेकड्यांचा पिंजरा समुद्रात पडला, तिची उतारावरची जागा वर्षभर तिची. नाही पडला, तर जागा गेली. गेलेली जागा परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. व्हायटलीला तिथे बाकं टाकून चहाचं दुकान काढायचं होतं. आणि नेमका याच वसंतात क्लेम जिन्यावरून पडला आणि खुबा मोडून बसला.

"नॅट नेईल होडी," क्लेम म्हणाला. नॅट म्हणजे त्याच्या होडीवरचा जोडीदार.

"नाहीतर मी आहेच की. इंजिन बिघडलं की दुरुस्त कोण करतं?"

"बाई होडीत? डोकं फिरलंय का तुझं, हेटी?"

आमच्याकडे बाई होडीत पाय ठेवत नाही. पिंजरे विणायचे, आमिष लावायचं, सगळं करायचं, पण आत पाय ठेवायचा नाही. आजारी माणसाशी काय भांडायचं?

पहिला दिवस उजाडला. होडी चाकांच्या गाड्यावर चढवलेली, नॅटने ट्रॅक्टर जोडलेला, क्लेम दोन कुबड्या घेऊन वर भिंतीवर बसलेला. तेवढ्यात व्हायटली आला, मागे बसभर पाहुणे. म्हणे, गावाच्या चालीरीती दाखवायच्यात. नॅटजवळ येऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय नॅट, नाश्ता झाला का? आमच्याकडे आज डुक्कर होतं. मस्त जाडजूड डुक्कर!"

सगळा उतार गार पडला. तो शब्द आम्ही होडीजवळ काढत नाही. अगदीच वेळ आली तर 'चिखलातला' म्हणतो. कानावर पडला, तर त्या दिवशी समुद्रावर जायचं नाही. हे व्हायटलीला कुणी सांगितलं? आमच्या क्लेमनेच, बिअरच्या ग्लासावर, मोठ्या कौतुकाने.

नॅटचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, मी नाही जाणार."

"अरे, तो मुद्दाम बोलला!"

"मुद्दाम असो नाहीतर चुकून, कानात गेला ना? घरी लेकरं आहेत माझी." ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकून तो खाली मान घालून घरी निघून गेला.

"अरेरे, माझ्या लक्षातच आलं नाही," व्हायटली हसत म्हणाला. "असू द्या. तुमच्या होडीसाठी मी लाल फुलं ठरवलीत."

लाल फुलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डुक्कर!" मी ओरडले. "डुक्कर, डुक्कर, डुक्कर! घ्या! आणि वर बाईही चढणार. सगळे अपशकुन एकदमच उरकून टाकते!" मग पाहुण्यांकडे वळले. "बघत काय राहिलात? गोड गाव बघायला आलात ना? लावा खांदा!"

पांढऱ्या बुटांची एक बाई होती. तिने पर्स किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर ठेवली. "कुठे धरू?"

"इथे, कडेला. आणि मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

ती आली तसे बाकीचेही आले. मी ट्रॅक्टरची कडी सोडवली, तसा गाडा हलला, गोट्यांवरून कुरकुरत खाली निघाला.

"अहो, तुम्ही माझे पाहुणे आहात!" व्हायटली मध्ये आला. "कुणाला लागलं तर?"

"बाजूला व्हा," पांढऱ्या बुटांची बाई म्हणाली, "नाहीतर तुम्हालाच लागेल."

होडी पाण्याला टेकली. मी पाय उचलला आणि मागून हाक आली, "हेटी!" क्लेम कुबड्या टेकत, धडपडत गोट्यांवरून खाली येत होता.

"अडवायला आला असशील तर तसाच माघारी जा," मी म्हटलं. सगळ्यांसमोर त्याने नाही म्हटलं असतं, तर मला रडू फुटलं असतं.

कुबड्या काखेत दाबून त्याने अंगातला निळा स्वेटर डोक्यावरून काढला. दोरखंडासारखा पीळ आणि मध्ये गारांसारखे ठिपके, ही आमच्या घरची वीण. इथे प्रत्येक घराची वीण वेगळी असते. समुद्राने बुडालेला माणूस परत दिला, तर तो कोणाचा ते त्यावरून कळतं. बापाचा स्वेटर मी विणला, क्लेमचा मी विणला. माझ्यासाठी कधी कुणी विणला नाही. बाईला कशाला लागतोय?

"घाल," क्लेम म्हणाला.

"अरे, वारा बघ केवढा आहे. तुला थंडी वाजेल."

"घाल म्हणतो ना! आपल्या घरची वीण आहे."

मी घातला. गुडघ्यापर्यंत आला. मग होडीत पाय ठेवला आणि इंजिन चालू केलं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन पिंजरा पाण्यात सोडला, दोरी सरसरत खाली गेली, आणि मी मागे वळून बघितलं.

नुसत्या शर्टात, एक कुबडी हवेत उगारून, आमचा क्लेम जन्मात पहिल्यांदा तो शब्द ओरडत होता, थेट व्हायटलीच्या तोंडावर.