म्हशीनं नेलेला आवाज

मी एक जुना दगड आहे आणि मला मधोमध खड्डा आहे. त्या खड्ड्याला उखळ म्हणतात. बाकीचा दगड नुसता सोबतीला असतो. मित्रांनो, मी फार दमलोय, तेव्हा ही हकीकत बसूनच सांगतो. उभं राहायला मला येतही नाही.

एका वडारानं मला भुकूमच्या ओढ्यातून उचललं, छिन्नीनं पोखरलं आणि म्हणाला, "झालं." मला वाटलं, त्रास संपला. ती सुरुवात होती. पुढं कितीतरी वर्षं घरातल्या बायकांनी माझ्या डोक्यात मुसळ घातलं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात घातलं असतं तर फौजदार आला असता. माझ्या डोक्यात घातलं की सगळ्यांना जेवण मिळायचं. शेतातलं भात माझ्यात पडायचं, मुसळाखाली सडलं जायचं, सुपात पाखडलं जायचं. तूस उडून जायचं आणि तांदूळ राहायचा, अंगाला तांबूस कोंडा धरून.

त्या कोंड्याची एक गोष्ट सांगतो. या घरची कोंडाबाई जन्मली तेव्हा तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून तिला सुईणीच्या ओटीत दिलं आणि मूठभर कोंडा मोजून परत विकत घेतलं. यमाला वाटावं, इतकी स्वस्त वस्तू कशाला न्यायची! तो कोंडा माझ्या पोटातला. यम फसला. कोंडाबाई मोठी झाली, बापानं घरजावई आणला, ती याच घरात म्हातारी झाली आणि तिनं मला आयुष्यभर बडवलं. उपकाराची फेड अशीही असते.

मग पौडला इब्राहिमभाईची भाताची गिरणी निघाली. पंचावन्न-छप्पन साल असेल. कोंडाबाई पहिलं पोतं घेऊन आली ती नाचतच.

"बघ जये, तांदूळ कसा दात काढून हसतोय! इब्राहिम म्हणला, मावशी, आता बास. म्या म्हणलं, आणिक एकदा काढ. सुनेचं बाळातपण हाय माझ्या."

जया म्हणजे तिच्या लेकाची, भिकूची, बायको. खोटं कशाला बोलू, जयाच्या तळहाताचे फोड गेले याचा मलाही आनंद झाला. मला अंगणाच्या कडेला सरकवलं. काही दिवसांनी माझ्यात एक कोंबडी येऊन अंडी घालू लागली. जन्मभर मार खाल्लेल्याला कुणी अचानक ऊब दिली की आधी संशय येतो.

जयाला मुलगी झाली. कोंडाबाईनं सुनेच्या पथ्यात कसलीच कसूर ठेवली नाही. गिरणीतून तीनदा काढून सगळा कोंडा उतरवलेला तांदूळ, तोही पाणी नितळ होईस्तोवर धुतलेला, वरची पेज ओतून टाकलेला, मोकळा, पांढराशुभ्र भात. वर तूप.

"आत्याबाई, जरा माठाची भाजी द्या की. आन् नाचणीची भाकर."

"गप गं. भाजीनं पोरीला हगवण लागंल, डाळीनं पोट धरंल. भाकरी खायला आमी हाय की."

घरच्यांनी भाकरी खाल्ली, माठ खाल्ला, कुळीथ खाल्ले. सगळ्यात चांगलं म्हणून जे ठरलं, ते एकट्या जयाला. गिरणीतून आलेला कोंडा आणि भाताची पेज चंद्री म्हशीला. चंद्री अशी तुकतुकीत झाली की तिच्या पाठीत बघून भिकूनं भांग पाडावा.

दोन-तीन महिने गेले. जया उंबऱ्याला अडखळू लागली.

"आत्याबाई, पायाला भुईच लागंना. कापसावर चालल्यावानी वाटतंय."

आणि पोरगी रडायची थांबली. म्हणजे रडायची, तोंड उघडायची, लाल व्हायची, मुठी आवळायची, पण आवाज येत नव्हता. दूध दोन घोट घेऊन मान टाकायची. नेमकी त्याच दिवसांत चंद्री अशी हंबरायची की भूगावच्या म्हशी ओ द्यायच्या.

कोंडाबाईनं दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला. हळदकुंकू, नारळ घेऊन ती गोठ्यात गेली आणि म्हशीपुढं हात जोडून उभी राहिली.

"बाई चंद्रे, काय चुकलं आसंल तर पदरात घे. पन पोरीचा आवाज दे. तुला एवढा मोठा कशाला? तुला कुणाला हाक मारायचीय?"

चंद्री हंबरली.

"बघ भिक्या! कबूल बी करती!"

भिकूनं आईकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं आणि तो तडक पौडला गेला. डॉक्टर सायकलवर आले. पोरीच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आवाज कधीपासून गेलाय?"

"गेला न्हाई डागदर," कोंडाबाई म्हणाली, "म्हशीनं नेलाय."

भिकूनं मान खाली घातली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. चढावर सायकल मारून आलेल्या माणसात हसण्याइतकं काही उरत नाही.

"म्हैस काय खाते?"

"कोंडा. आन् भाताची पेज."

"आणि सून?"

"तीनदा काढल्याल्या तांदळाचा भात, डागदर! दुसरं काय बी देत न्हाई."

"मग आजी, म्हशीनंच नेलाय."

सगळ्यांनी गोठ्याकडं पाहिलं. चंद्रीनं तोंड फिरवलं.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तांदळाच्या त्या तांबूस सालीत एक जीवनसत्त्व असतं. लागतं चिमूटभर, पण ती चिमूट नसेल तर डोंगराएवढा भात खाऊनही नसा आणि काळीज थकतात. जे आईच्या अंगात नाही, ते दुधात कुठून उतरणार? पालेभाजीतलं लोह रक्ताला लागतं, नाचणीतला चुना हाडांना. बाळंतिणीला तर हे सगळं हवंच हवं.

"म्हंजी म्याच..." कोंडाबाई खाली बसली. "चांगलं म्हनून दिलं वो."

"ठाऊक आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मायलेकींना इंजेक्शनं दिली. "उशीर झालाय. पण फार नाही, असं धरून चालू."

ते रोज येत राहिले. पोरगी दूध ओढू लागली, पण आवाज येईना. कोंडाबाईला नुसतं बसवेना. तिनं कोंबडीला हाकललं, मला घासून धुतलं, भात ओतलं आणि मुसळ उचललं. चार घावांत तिला धाप लागली.

"आये, सर," म्हणत भिकूनं मुसळ घेतलं.

शेजारची सगुणाबाई कुंपणावर येऊन बघू लागली. "भिकू, बांगड्या कवा भरल्यास रं?"

"तुझ्या दादल्याला बी धाड," कोंडाबाई म्हणाली, "घरात दुसरं मुसळ हाय."

सगुणाबाई गेली. भिकू घाव घालत राहिला. पुरुषाचा घाव वेडावाकडा पडतो. तीन माझ्या काठावर, एक भातावर. जया भिंतीला धरून दारात आली होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन घावांच्या मधे पाळण्यातून काहीतरी कुरकुरलं, तेल न दिलेल्या बिजागरीसारखं. भिकूचा हात वर राहिला.

"थांबू नगंस!" कोंडाबाई ओरडली. "हान!"

घाव पडला. पोरगी दचकली आणि रडली, घोगरं, फाटकं, पण आळीभर ऐकू जाईल असं. तिला कुणी उचललं नाही, कुणी गप केलं नाही. सगळे नुसते ऐकत उभे राहिले. तेवढ्यात गोठ्यातून चंद्री हंबरली.

"तू गप," कोंडाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "तुझी पाळी झाली."

मित्रांनो, तेव्हापासून इब्राहिमभाई कोंडाबाईचा तांदूळ एकदाच काढतो आणि पेज घरातच पितात. म्हणजे मी पुन्हा रिकामा. लग्नात हळद कांडण्यापुरता आठवतो. तक्रार नाही, मी खरंच दमलोय. तुम्ही एवढंच करा. सालीला, पेजेला, पालेभाजीला नाक मुरडू नका, आणि जे घरात सगळ्यांना चांगलं, तेच बाळंतिणीलाही वाढा. आणि कुठं माझ्यासारखा पोकळ दगड दिसला, तर मुसळ राहू दे, पण त्यात एखादी कोंबडी तरी बसवा. माझी, हाकलल्या दिवसापासून, रुसली आहे.