शेवटचा अर्धा तास

माझे वडील, नाना, वारले, त्यानंतर सहा महिन्यांनी मला ग्रामपंचायत निवडणुकीची ड्यूटी लागली. धुळे तालुक्यातलं हायवेलगतचं गाव, पंधरा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस. आईने दीपनगरहून फोन केला, "स्नेहल, अर्ज दे ना गं. घरात एक माणूस गेलंय म्हटल्यावर कोणीही रद्द करील."

मी अर्ज दिला नाही. का दिला नाही, हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

नानांचं नाव तोताराम. दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा विभागात त्यांनी तीस वर्षं काढली. राजकारण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. संसदेत कोण काय बोललं, कुठल्या राज्यात कोण पडलं, हे बोलल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि धुळ्याला राहायला आले, तेव्हापासून ते जेवण फोनवर चालायचं. ते सरकारच्या बाजूचे, मी विरुद्ध. भांडायचो, पण फोन ठेवताना "जेवलीस का" हे ते न चुकता विचारायचे.

लॉकडाऊन लागला आणि आमच्या भांडणाचा रंग बदलला. मे महिन्यात मी मुंबई-आग्रा हायवेवर चालणारी माणसं पाहिली. डोक्यावर पत्र्याची पेटी, कडेवर लेकरू, पायात काहीच नाही. आमच्या कॉलनीतल्या बायकांनी पोळ्या केल्या, त्या वाटायला मी दोन दिवस गेले. एक बाई पोळी घेऊन तिथेच रस्त्यात बसली आणि तिने मला विचारलं, "इंदूर कितना दूर है?" मला खरं सांगवेना. "थोडा और," म्हणाले.

त्या दिवशी नाना फोनवर म्हणाले, "एवढा मोठा देश आहे. कोणाला तरी त्रास होणारच. विचार करूनच निर्णय घेतला असेल ना?"

"कोणाला तरी म्हणजे कोणाला, नाना? तुम्ही एकदा येऊन बघा त्यांचे पाय."

"तू भावनेच्या भरात बोलतेस."

मी फोन आपटला आणि पुढचा महिनाभर केला नाही. त्यांनीही केला नाही. आईशी मी बोलायचे, पण ते शेजारी असतील अशी वेळ टाळून.

जूनच्या शेवटी त्यांना ताप आला. जळगावच्या दवाखान्यात सहा दिवस होते. एकदा नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, बोलता येईना. त्यांनी हात वर केला, मीही केला. मी काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं, पण नेटवर्क गेलं. सातव्या दिवशी पास काढून मी जळगावला पोहोचले, तेव्हा ते पिशवीत होते. पीपीई किट घातलेल्या दोन माणसांनी सगळं केलं. मी वीस पावलांवर उभी होते. ना पाया पडता आलं, ना हात लावता आला.

तर ती ड्यूटी. शाळेच्या खोलीत आम्ही पाच जण. केंद्राध्यक्ष हितेंद्र सर शांत स्वभावाचे, निवृत्तीला आलेले. मी यादीत नाव शोधून पुकारायचे, शेजारी रुपचंद सर बोटाला शाई लावून सही नाहीतर अंगठा घ्यायचे. दिवसभर नुसती रीघ. लोक एकमेकांना तिळगूळ देत होते, गोड बोला म्हणत होते आणि ओळीत नंबरावरून भांडत होते.

कोरोना झालेल्यांसाठी शेवटचा अर्धा तास राखलेला होता. यादीत एकच नाव होतं: झिपरू आबा, वय एकोणऐंशी, आठ दिवसांपासून शेतातल्या खोलीत वेगळे ठेवलेले. पाच वाजता गावातल्या आशा सेविका लिलाबाई दारात आल्या.

"आबा निघालेत. गावातून नको म्हणून बांधाबांधाने येताहेत."

एका उमेदवाराचा प्रतिनिधी उठला. "सर, त्यांना कशाला येऊ देता? एका मताने काय फरक पडतो? आम्हाला घरी लहान पोरं आहेत."

"मतदार आहे, येणारच," हितेंद्र सर म्हणाले. "तुम्ही लांब उभे राहा."

आम्हाला एकेक किट मिळालं. रुपचंद सरांनी ते हातात धरलं, पण उघडेनात. त्यांचा आवाज बारीक झाला. "मॅडम, आईला डायलिसिस चालू आहे. शाई लावायची म्हणजे हात धरावा लागणार."

"तुम्ही माझ्या जागेवर बसा," मी म्हणाले. "शाई मी लावते."

हितेंद्र सरांना माझ्या नानांचं ठाऊक होतं. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मी किट चढवलं. आत घामाने जीव गुदमरला. चष्म्यावर वाफ धरली. जळगावची ती दोन माणसं त्या दिवशी अशाच उकाड्यात उभी असतील, हे तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. तोवर माझ्या मनात त्यांच्याबद्दल नुसता राग होता.

झिपरू आबा आले. धोतर, तोंडाला गमछा, त्यावर मास्क. काठी दाराशी ठेवून ते जरा थांबले, श्वास घेतला. रुपचंद सरांनी लांबून नाव पुकारलं. आबा माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

मी हात धरला. हातमोज्यातूनही तो कढत लागला. बोट कापत होतं, शाई धड लागेना, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

"बेटी, तुले भ्याव नई लागस का?" त्यांनी विचारलं.

"लागतं ना, आबा. तुम्ही एवढ्या तापात कशाला आलात?"

मास्कच्या आत ते हसले बहुतेक, डोळे बारीक झाले. "मी नई उनू त लोक समजतीन, झिपरू मरी गया. मंग माले कोन इचारी?"

दारातल्या लिलाबाई हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. शाई केव्हाच लागली होती, तरी मी हात सोडला नव्हता. आबांनीही काढून घेतला नाही. मग त्यांनीच हळू विचारलं, "कोन गये बेटी?"

"वडील."

 आबांनी अंगठा उमटवला आणि ते मशीनकडे गेले. एवढ्याशा खोलीत बीप केवढा तरी मोठा वाजला. जाताना काठी उचलून ते दारात वळले. म्हणाले, "बठ्ठं नीट व्हई." सगळं नीट होईल.

साडेपाचला मतदान संपलं. यंत्रं सील करून, साहित्य जमा करून घरी यायला उशीर झाला. आंघोळ करून मी आईला फोन लावला आणि सहा महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, त्या महिनाभरात नाना काय म्हणायचे गं?"

"काय म्हणणार! मी म्हणायचे, लावा पोरीला फोन. तर म्हणायचे, राहू दे, चिडली की महिना महिना चिडते. माझ्यावरच गेलीय."

"आणि ते चालत जाणाऱ्यांचं? शेवटी त्यांना पटलं होतं का?"

 खोटं बोलून मला बरं वाटवणं आईला सहज जमलं असतं. "नाही गं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तेच. सरकारचं बरोबर आहे म्हणायचे. दवाखान्यात नेताना गाडीतसुद्धा!"

आम्ही दोघी हसलो, मग रडलो, मग पुन्हा हसलो. त्यांना पटायलाच हवं होतं अशी माझी काहीतरी अट होती, ती त्या फोनवर सुटली. न पटलेलेच नाना मला परत मिळाले.

झिपरू आबा बरे झाले. आठवड्याने लिलाबाईंनी कळवलं, म्हातारा शेतातून घरी आला आणि आल्या आल्या सुनेवर ओरडला.

मार्चमध्ये मी आईला धुळ्याला घेऊन आले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. शहरात एक खाट मिळेना, नातेवाईक सिलिंडरसाठी गावभर हिंडत होते, आणि टीव्हीवर दुसऱ्या राज्यांतल्या प्रचारसभा चालू होत्या. मैदानं भरलेली, मास्क कोणाच्याच तोंडाला नाही. भाकरी थापता थापता मी बोलायला लागले. "दिसत नाही का यांना? माणसं मरताहेत आणि हे गर्दी मोजताहेत!"

आई ताटावर बसली होती. म्हणाली, "लोकच जातात ना सभेला? सगळं त्यांच्याच माथी कशाला मारतेस? निवडणूक काय थांबते का?"

अगदी नानांचाच सूर. पूर्वीची मी असते तर तवा तसाच ठेवून आत निघून गेले असते. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी तिच्या ताटात टाकली, ठेच्याची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "थांबते. का थांबत नाही? आता मी काय सांगते ते ऐक."

"सांग," आई म्हणाली. "पण आधी बस."