अजून ओला आवाज येतोय

मित्रांनो, ज्याने वारा आणि विस्तव निर्माण केला त्याला आधी मनोभावे नमस्कार. माझ्या पोटात या दोघांखेरीज दुसरं काही नाही. मी फिरत्या जाळीचा एअर फ्रायर. वय नऊ वर्षं, म्हणजे आमच्या जातीत म्हाताराच. काच तपकिरी पडली आहे आणि बटणावरचे आकडे बोटांनी पुसून नेले आहेत. तरी स्वस्थ बसणं मला अजून जमत नाही. ओट्याजवळून कोणी नुसतं गेलं तरी वाटतं, आता लावतील, आता फिरवतील.

ही तगमग जन्मापासूनची. कारखान्यात मला जोडलं, टेबलावर ठेवलं आणि माझी जाळी दोन मिनिटं रिकामीच फिरवली. तपासणीच्या बाई म्हणाल्या, "फिरतंय. पुढचा आणा!" पोटात एक दाणाही न पडता मी पास झालो. पण खरंच काही शिजवता येईल का मला? खोक्यात, ट्रकमध्ये, दुकानाच्या फळीवर हाच घोर लागून राहिला.

एका शिंपीदादांनी मला विकत घेतलं. घरात माणसं तीनच. शिंपीदादा, शाळेची बस चालवणारी त्यांची बायको आणि तिचे वडील. वडिलांना सगळे वस्ताद म्हणत. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बत्तीस वर्षं त्यांनी कढईपुढे उभं राहून तळण काढलं होतं. आता हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांना धूसर दिसायचं आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद केलेलं. वस्तादांनी मग जेवणच बंद केल्यासारखं केलं. उकडलेल्या भाजीचे दोन घास घेतले की ताट बाजूला. दीड महिन्यात सहा किलो उतरले. डॉक्टरांनी लेकीला स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारी वजन करू. आणखी उतरलं असेल तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल."

मी त्या घरात आलो सोमवारी.

"मामा, बघा काय आणलंय! तेलाशिवाय तळतो हा," शिंपीदादा सासऱ्यांना म्हणाले.

"असं? मग उद्या पाण्याशिवाय पोहणाराही एक घेऊन या, जावई."

"बाबा, एकदा खाऊन तर बघा," लेक म्हणाली.

तिला बसच्या दुसऱ्या फेरीची घाई होती. तिने बटाट्याचे लांब काप केले, पाण्यातून काढले ते थेट जाळीत, आणि जाळी ठासून भरली. मी जीव तोडून फिरलो, पण आतला एकही काप जागचा हलेना. गठ्ठाच्या गठ्ठा माझ्याबरोबर फिरत होता आणि स्वतःच्याच वाफेत उकडत होता. वस्तादांनी एक काप चिमटीत धरून उचलला. त्याने मान टाकली.

"पोरी, ही बुटाची नाडी आहे."

दुसऱ्या दिवशी शिंपीदादांना वाटलं, तेल कमी पडलं असेल. त्यांनी पळीभर ओतलं. ते माझ्या तळाशी ठिबकलं, धूर झाला, घरभर खोकला. "उसवून परत शिवता येत नाही हो याला," वस्ताद म्हणाले आणि पाणी पिऊन झोपायला गेले.

बुधवारी तर त्यांनी भाजीलाही हात लावला नाही. लेक ओट्याला टेकून नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "नळी घातली ना, तर बाबा परत उठायचे नाहीत. मी ओळखते त्यांना." मी ओट्यावरच होतो. बटण बंद होतं, पण माझी जाळी आतल्या आत फिरत होती म्हणा ना.

गुरुवारी दुपारी ती बसवर गेली. शिंपीदादांनी पुन्हा जाळी भरून मला लावलं. वस्ताद नेहमीसारखे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होते. एकदम थबकले.

"कसली थपथप चाललीये तिकडे?"

"मशीन आहे, मामा."

"मशीन नव्हे, बटाटा आहे तो. ओला आहे आणि दाटीवाटीत बसलाय. बंद करा आधी."

मित्रांनो, मन लावून ऐका आता. कॅन्टीनमध्ये गिऱ्हाइकांची रांग लागलेली असायची. वस्तादांचे डोळे रांगेवर आणि कान कढईवर. आतलं पाणी सरलं की कढईचा आवाज बदलतो. त्या आवाजावरच त्यांनी बत्तीस वर्षं झारा उचलला होता. डोळे अधू झाले, पण देवाने तो कान शाबूत ठेवला होता.

त्यांनी अर्ध्याहून जास्त काप काढायला लावले. "पडायला जागा हवी. पडला नाही तर उलटणार कसा तो?" मग ते अर्धवट उकडलेले काप बाजूलाच ठेवले आणि थोडेच नवे काप करून पाणी नितळ होईपर्यंत धुतले. मग कोरडं फडकं मागितलं आणि हाताला लागलं ते ओढून त्यावर पसरलेसुद्धा.

"अहो मामा, गिऱ्हाइकाचं अस्तर आहे ते!"

"धुऊन द्या."

काप खडखडीत कोरडे झाल्यावर दोन चमचे तेल हाताने चोळलं. शिंपीदादांनी मिठाची बरणी उघडली तर म्हणाले, "आत्ता नको, पाणी सुटेल. मीठ शेवटी." मला आधी पाच मिनिटं रिकामंच तापवलं. मग जाळी आत गेली आणि वस्ताद खुर्ची ओढून माझ्याकडे कान करून बसले.

थप, थप. दहा मिनिटांनी टप, टप. विसाव्या मिनिटाला माझी घंटी वाजली आणि शिंपीदादांनी हात पुढे केला.

"हात मागे घ्या! अजून ओला आवाज येतोय."

"पण घंटी झाली, मामा."

"ती तुमच्या मशीनची. माझी नाही झाली."

आणखी तीन मिनिटं. माझ्या जिवात जीव नव्हता. मग आतून डब्यात बटणं हलवावीत तशी खुळखुळ सुरू झाली आणि वस्ताद म्हणाले, "काढा."

त्यांनी एक काप कानाजवळ धरून मोडला. कट्! वर मीठ भुरभुरलं आणि तोंडात टाकला. मग दुसरा. शिंपीदादा श्वास रोखून उभे होते, जणू बोलले तर तिसरा उचलला जाणार नाही. लेक घरी आली तेव्हा ताटली रिकामी होती.

"संध्याकाळी रताळी घेऊन ये," वस्ताद म्हणाले. "लवकर करपतात ती. त्यांचा आवाज वेगळा असेल."

तिने पाठ फिरवली आणि उगाचच नळ सोडून हात धूत राहिली.

शुक्रवारी वजन उतरलेलं नव्हतं. वाढलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर थांबू." पुढच्या शुक्रवारी काटा चारशे ग्रॅम वर सरकला आणि नळीचा विषय मागे पडला. आपण म्हणतो भूक पोटात असते. वस्तादांची हातात होती, आणि ते हात रिकामे पडले होते.

मग माझे चांगले दिवस आले. गाजर, फ्लॉवर, मासे, काय नाही फिरलं माझ्यात! शेजारणी कौतुक करायच्या, "मशीन छान आहे हो." वस्ताद म्हणायचे, "मशीन फिरतं. ऐकतो मी." मला थोडं लागायचं, पण खोटं नव्हतं ते.

हळूहळू मात्र हयगय सुरू झाली. जाळी धुतली जाई, पण ती ज्या दांड्यावर फिरते त्याची टोकं कोणी पाहीना. तिथे करपलेला चुरा साठला, तेल चिकटलं आणि गेल्या महिन्यात मी कुरकुरू लागलो. कर्र, कर्र. त्या कर्रकर्रीत खुळखुळ बुडून गेली. वस्तादांनी खुर्ची जवळ घेतली, मान तिरकी केली, शेवटी अंदाजाने म्हणाले, "काढा." काप मऊ निघाले. एक खाऊन त्यांनी ताटली सरकवली. तीन दिवस हेच चाललं.

"गेले वाटतं कानही," ते पुटपुटले आणि खोलीत जाऊन पडले.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की कान शाबूत आहेत, दोष माझा आहे. पण माझ्याकडे आवाज एकच, तोच कर्र!

चौथ्या दिवशी लेकीला सुटी होती. मला लावून ती भांडी पुसत होती. पुसता पुसता थांबली. "ही तर चाकाची कुरकुर," म्हणाली. "बसचं चाक असंच रडतं." तिने मला गार होऊ दिलं, दांडा उपसला, त्याची टोकं गरम साबणाच्या पाण्यात भिजवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. काळा चुरा निघाला चमचाभर. मग नवे काप भरून तिने हाक मारली, "बाबा, जरा इकडे या."

"मला काही ऐकू येत नाही आता."

"या तर खरं!"

ते आले, भिंत धरून उभे राहिले. मी फिरत होतो, टप, टप, आणि मध्ये दुसरं काही नव्हतं. घंटी वाजली. लेकीने मुद्दामच माझ्या दाराला हात लावला.

"थांब गं!" वस्ताद तिच्या अंगावर ओरडले. "दोन मिनिटं अजून."

इतकं गोड ओरडणं मी कधी ऐकलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातल्या यंत्राची जाळी घासाल तेव्हा दिसत नाहीत ती टोकंही घासा. जाळी अर्ध्याहून जास्त भरू नका. आणि घरातलं कोणी म्हातारं माणूस "थांब" म्हणालं, तर घंटी झाली असली तरी थांबा.