ब्रेकमास्तरांची दुर्बीण

गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गाडी घेऊन कुणाच्या दुकानात शिरायला निघाला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. मास्तरांची सगळी हयात त्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून गेली. गेल्या वर्षी मास्तर निवृत्त झाले, पाय झाला नाही. बायकोनं वाढताना डाव जरा वेगानं आणला की टेबलाखाली पाय दाबला जाई. टीव्हीवरच्या पाठलागात ते गुंड आणि पोलीस, दोघांनाही ब्रेक लावत. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणायचे. बायको तोंडावर म्हणायची.

आज मात्र नुसता पायच नव्हे, तर अख्खे मास्तर बेचैन होते. गच्चीवर त्यांच्या इतक्या येरझारा झाल्या होत्या की बायको खुर्ची घेऊन वर आली.

"अहो, बसा जरा. तुमच्या पायाखाली खालच्यांचं छत आहे."

"ढग बघ ना. मघाशी त्या टाकीमागे होता, आता पुढे आलाय."

"मग त्याला पण ब्रेक लावा."

बेचैनीचं कारण खाली सामान बांधत होतं. मुलीला, म्हणजे भिंगरीला, दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि उद्या सकाळी ती स्वतः गाडी चालवत निघणार होती. घर लावून द्यायला आई बरोबर. बाबांसाठी तिनं जेवताना वेगळी व्यवस्था जाहीर केली होती.

"बाबा, तुम्ही बसनं या. मी घ्यायला येते स्टँडवर."

"गाडीत जागा आहे की!"

"जागा आहे हो. शांतता उरेल का, ते बघायला हवं."

याला जुना इतिहास होता. पोरगी अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या हातातलं स्टिअरिंग इतक्यांदा ओढलं की तिनं भर चौकात गाडी थांबवली, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती चालत घरी गेली. मग ती कोपऱ्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग शाळेत शिकली. तिथले मास्तर शिकवताना डुलक्या काढतात अशी ख्याती होती. तरी ती पहिल्याच परीक्षेत पास झाली, हे ब्रेकमास्तरांना आजतागायत पचलेलं नव्हतं. तेव्हापासून ते तिच्या गाडीत एकदाही बसले नव्हते. ती बोलावत नव्हती, आणि हे विचारत नव्हते.

उद्या त्यांना त्या गाडीत बसायचं होतं. नुसतं मागायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी आडवाटेनं जायचं ठरवलं. भिंगरी लहान असताना शनीचं कडं दाखवा म्हणून मागे लागली होती आणि मास्तर म्हणाले होते, "उद्या दाखवतो." तो उद्या आज उगवला होता. पोरगी कडं बघेल, विरघळेल आणि एक सीट देईल, असा साधा हिशेब. एरवी शनी माणसाच्या मागे लागतो. मास्तर आठवडाभर शनीच्या मागे लागले होते.

दुर्बीण घेतली होती ती आपोआप वळणारी. तिपाईवर मोटार असलेली एक मान, दुकानदार तिला माउंट म्हणे, आणि तिला वायरनं जोडलेला रिमोट. शाळेच्या गाडीची जुनी बॅटरी लावून दिली की ही मान म्हणे आभाळातल्या हजारो गोष्टी स्वतः शोधणार. मास्तरांना आकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच हिच्यावर त्यांची नजर गेली. घरी आणून सुरू केली तर तिनं पहिलाच प्रश्न टाकला: दोन तारे दाखवा. म्हणजे पत्ता सापडेना म्हणून वाटाड्या करावा, आणि त्यानं आपल्यालाच विचारावं, "काय हो, आपण आहोत कुठे?"

तरी मास्तर स्वाती आणि अभिजित हे दोन तारे शिकले. ते रोज संध्याकाळी दाखवले. आणि रोज शनी मागितला की माउंट दुसरंच काहीतरी दाखवी. परवा त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"यंत्र बिघडलंय. शनी मागितला की शेजाऱ्यांची टाकी दाखवतं."

"मध्ये हात लावला होता का?"

"लावला म्हणजे, भलतीकडे चाललं होतं, म्हणून जरा वळवलं."

"साहेब, एकदा तारे दाखवले की हात लावायचा नाही. हातानं ढकललं की आपण कुठे आहोत हेच त्याला कळेनासं होतं."

"मग चालवणार कोण?"

"तेच."

"आणि ठोकलं म्हणजे?"

"कशाला ठोकणार साहेब? आभाळात?"

आज अंधार पडता पडता मास्तरांनी पहिला तारा नळीच्या बरोबर मध्ये आणला, बटण दाबलं. दुसरा आणला, बटण दाबलं. रिमोटच्या लाल अक्षरांनी "जमलं" अशा अर्थाचं काहीतरी कळवलं. मास्तर कठड्यावरून ओरडले, "भिंगरे! वर ये, वर ये! लवकर, ढग येतोय!"

भिंगरी हातात चिकटपट्टीचं रीळ घेऊन आली. "पाचच मिनिटं हं बाबा. भांडी बांधायची राहिलीत."

मास्तरांनी शनी निवडला, बटण दाबलं. माउंट घुरघुरलं आणि वळायला लागलं. नेमकं उलट्या दिशेला.

"अगं अगं अगं!" मास्तरांचा पाय गच्चीवर धपकन आपटला आणि हात नळीकडे झेपावला.

"बाबा. हात."

आवाज मोठा नव्हता. चौकात किल्ली ठेवताना होता तेवढाच होता. हात हवेत थांबला.

"अगं, शनी तिकडे, आणि हे चाललंय इकडे!"

"जाऊ दे. लांबून जाईल. वायर गुंडाळली जाऊ नये म्हणून वळसा घेतं ते."

"तुला काय माहीत?"

"पुस्तिकेत आहे. दुपारी वाचली मी. तुम्ही नाही वाचलीत?"

"ते आणि पुस्तिका!" खुर्चीतून बायको म्हणाली. "त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना वाचायला दिल्या."

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याला पोलिसानं चोर धरावा तसं धरून ठेवलं. माउंट सावकाश फिरत होतं. शेजाऱ्यांची टाकी गेली. समोरच्या शिंप्याची खिडकी गेली. नको तिथे रेंगाळतंय असं वाटलं, पण रेंगाळलं नाही. ढगाची कड पुढे सरकत होती. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता आणि उजवा पाय एकटाच काम करत होता: दाब, सोड, दाब, सोड.

घुरघुर थांबली. रिमोट टुंग करून वाजला. भिंगरी वाकली आणि तिनं डोळा लावला.

"काय? टाकी?"

"शू."

"सांग तरी!"

"कडं आहे, बाबा." ती डोळा न काढताच म्हणाली. "खरं वाटत नाही. कुणीतरी कापून चिकटवल्यासारखं दिसतंय."

बायकोनं पाहिलं. "अगंबाई, एवढुसं!" म्हणाली आणि पुन्हा पाहिलं.

मग मास्तर वाकले. पिवळसर, इवलासा, कडं घातलेला शनी खरोखरच होता. फक्त मध्यभागी नव्हता. पार कडेला, रस्ता सोडून मातीत उतरलेल्या गाडीसारखा. मास्तरांच्या पाठीमागचा चोर सुटला. हात वर आला, नळीजवळ आला आणि बोटभर अंतरावर थांबला. मायलेकी बघत होत्या.

"जरा कडेला आहे," मास्तर म्हणाले. हात परत पाठीमागे नेला. "असू दे."

हे दोन शब्द त्या घरात यापूर्वी कुणी त्यांच्या तोंडून ऐकलेले नव्हते. बायकोनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

ढग आला आणि शनी झाकला गेला. भिंगरीनं चिकटपट्टीचं टोक नखानं काढलं, परत चिकटवलं.

"उद्या सहाला निघायचं," ती म्हणाली.

"हो. मी बसचं बघतो."

"बसचं कशाला? मागच्या सीटवर बसा. आईच्या मागे, माझ्या मागे नाही."

"का बरं?"

"माझ्या मागे बसलात तर ब्रेक माझ्या पाठीत लागेल."

मास्तरांनी लगेच आज्ञाधारकपणे मान हलवली. आता या घडीला एकही शब्द जास्त बोलायचा नाही, हे त्यांना पुस्तिका न वाचता कळलं. भिंगरीनं ती जड बॅटरी उचलली आणि अंधाऱ्या जिन्यावरून धडधड उतरायला लागली, दोन दोन पायऱ्या गाळत. मास्तर वर उभे होते. ओठ घट्ट मिटलेले.

"अहो, पाय," बायको कुजबुजली.

"तिला कुठे दिसतोय?"

खालच्या वळणावरून आवाज आला, "ऐकू येतोय, बाबा!"